वेदना दबते तेवढ्या वेळात

गुडघा किंवा कंबर वर्षानुवर्षे दुखत असते, आणि कुणीतरी त्वचेवरून विजेचे ठोके देणारे टेन्स मशीन सुचवते. मग घरातून पहिला प्रश्न येतो: याने दुखणे बरे होते का? याचे उत्तर सरळ आहे. बरे होत नाही. गुडघ्यातली झिजलेली कूर्चा विजेच्या ठोक्यांनी भरून येत नाही, मणक्यातली सरकलेली गादी जागेवर जात नाही. हे उत्तर ऐकून कुणी मशीन कपाटात टाकून देतो. कुणी विकणाऱ्याच्या मोठमोठ्या दाव्यांवर विश्वास ठेवून महिनोन्‌महिने ते लावत बसतो. मला दोन्ही वाटा चुकीच्या वाटतात. गेल्या साठेक वर्षांतले संशोधन नीट पाहिले तर हे उपकरण एक मर्यादित पण खरे काम करते असे दिसते. ते चालू असताना, आणि बंद केल्यावर थोडा वेळ, वेदना दबते. त्यामुळे त्याचे मोल त्या वेळात माणूस काय करतो यावर ठरते. त्या वेळात तो उठला, चालला, जिना चढला, व्यायाम केला तर मशीन उपयोगी पडले. आपल्याकडे मात्र ते बहुतेक वेळा पडून लावले जाते. वीस मिनिटे पलंगावर करंट घ्यायचा, मग उठून रिक्षाने घरी जायचे. वेदना दबलेली असते तो वेळ पलंगावर आणि रिक्षात निघून जातो.

उपकरण साधे असते. खिशात मावेल एवढी बॅटरीवर चालणारी पेटी, तिच्यातून निघणाऱ्या वायरी आणि वायरींच्या टोकांना जेलचे चिकट पॅड. वीज सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येते. एकेक ठोका साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा टिकतो, आणि सेकंदाला दोन-चारपासून शंभराच्या पुढेपर्यंत ठोके देता येतात. गुडघ्यासाठी पॅड वाटीच्या दोन्ही अंगांना लावतात. कंबरेसाठी ते मणक्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लावतात, मधल्या हाडावर नाही. करंट हळूहळू वाढवला की आधी काहीच कळत नाही, मग मुंगी चालल्यासारखे वाटते, आणि आणखी वाढवल्यावर दुखऱ्या भागभर दाट झिणझिण्या पसरतात. त्या जोरकस हव्यात, पण दुखता कामा नयेत. पाच-दहा मिनिटांत शरीराला त्यांची सवय होते आणि त्या फिक्या पडतात, तेव्हा करंट पुन्हा थोडा वाढवावा लागतो. ही साधी गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. पहिल्या मुंगीपाशीच थांबणारे पुष्कळ असतात, आणि ‘मशीनने काही फरक पडला नाही’ हे त्यांचे म्हणणे खरेच असते.

विजेने वेदना दबते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि गाउटवर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा वापरायला सांगितले होते. पण असे का होते, याचा पटणारा विचार १९६५ साली पुढे आला. त्या वर्षी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेचा ‘गेट’ सिद्धांत मांडला. वेदनेचा संदेश बारीक, मंद गतीच्या मज्जातंतूंतून येतो, तर स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश जाड, वेगवान तंतूंतून. दोन्ही संदेश पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकाच भागात पोहोचतात. जाड तंतूंची वर्दळ वाढली की तिथल्या चेतापेशी बारीक तंतूंच्या संदेशाला पुढे मेंदूकडे जाऊ देत नाहीत, निदान त्याचा जोर कमी करतात. ठेच लागली की आपण न शिकवता तिथे हाताने चोळतो, ते याच कारणाने. या सिद्धांतातले बारकावे पुढच्या संशोधनाने बदलले आहेत. वेदनेचा जोर मज्जारज्जूतच कमी-जास्त होतो, हे त्याचे मुख्य म्हणणे मात्र टिकले आहे.

दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल आणि मेंदूचे शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी हा विचार माणसांवर तपासला. आधी त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसेत सुया घालून पाहिल्या. मग तीव्र, जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या नसांना सेकंदाला शंभर ठोके दिले, झिणझिण्या जाणवेपर्यंत. ठोके चालू असताना, एरवी हात लावू न देणाऱ्या जागेवर दाब दिला तरी दुखले नाही. आठांपैकी चौघांना दोन मिनिटांच्या विजेनंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम वाटला. पुढे मज्जारज्जूवर शस्त्रक्रियेने उत्तेजक यंत्र बसवण्याचे प्रयोग सुरू झाले. कोणत्या रुग्णाला त्याचा उपयोग होईल हे आधी अजमावण्यासाठी त्वचेवरून वीज देऊन पाहत. काहींना तेवढ्यानेच पुरेसा आराम मिळतो असे दिसले, आणि ही चाचणी हाच एक उपचार झाला. या साऱ्या प्रकाराला ‘तात्पुरता’ हे विशेषण अगदी सुरुवातीपासून जोडलेले आहे. वॉल आणि स्वीट यांच्या निबंधाच्या शीर्षकातही ते आहे. वेदना कायमची जाईल असे आश्वासन संशोधकांनी दिलेले नव्हते, ते पुढे विक्रीच्या भाषेत शिरले.

गेट ही या कथेची एकच बाजू आहे. अमेरिकेत कॅथलीन स्लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की टेन्समुळे शरीराची स्वतःची, अफूसारखी काम करणारी वेदनाशामक यंत्रणाही जागी होते. कमी गतीचे ठोके तिच्या एका प्रकारच्या ग्राहींमार्फत काम करतात, जास्त गतीचे दुसऱ्या प्रकारच्या. याचे व्यवहारातले अर्थ महत्त्वाचे आहेत. अफूवर्गातली औषधे दीर्घकाळ घेणाऱ्याला कमी गतीचे ठोके फारसे लागू पडत नाहीत. शिवाय तीच मात्रा, त्याच गतीने, रोज दिली तर चार-पाच दिवसांत शरीर तिला सरावते आणि परिणाम ओसरतो. म्हणून करंटची तीव्रता वाढवत जाणे किंवा ठोक्यांची गती बदलती ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. ‘आठवडाभर बरे वाटले, मग बंद पडले’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. पेटीत बिघाड झालेला असतोच असे नाही.

आता पुराव्याकडे येऊ. या उपकरणाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १४५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले: खरे टेन्स, करंट नसलेले टेन्स, खरे टेन्स आणि व्यायाम, करंट नसलेले टेन्स आणि व्यायाम. महिनाभराने पाहिले तर टेन्सने कोणत्याच मोजमापावर फरक पडला नव्हता. व्यायाम करणाऱ्यांना मात्र फरक पडला होता. निबंधातला पुढचा तपशील फारसा सांगितला जात नाही. आणखी दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता आणि मिळालेला फायदाही गेला होता. माझ्या मते या प्रयोगाने दोन गोष्टी शिकवल्या. टेन्स हा कंबरदुखीवरचा इलाज नाही, ही पहिली. आणि जो इलाज खरोखर लागू पडतो तो माणसे टिकवू शकत नाहीत, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीमागे कारणे अनेक असतील, पण हालचाल करताना होणारी वेदना हे त्यांतले एक मोठे कारण आहे, हे दुखऱ्या गुडघ्याने जिना चढणारा कुणीही सांगेल.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेपही याच प्रयोगात आहे. टेन्स आणि व्यायाम एकत्र देऊनही नुसत्या व्यायामापेक्षा अधिक लाभ झाला नाही. मग वेदना दबलेल्या वेळात हालचाल करा, या सल्ल्याला आधार काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण टेन्स आणि व्यायाम एकाच महिन्यात देणे आणि टेन्स चालू असताना चालायला लावणे यांत फरक आहे. बार्बरा रेकेल आणि रीटा फ्रांट्झ यांच्यासारख्या परिचर्या क्षेत्रातल्या संशोधकांनी नेमके हेच विचारले. त्यांच्या २००३ सालच्या अभ्यासात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना टेन्सने चालताना आणि दीर्घ श्वास घेताना होणारी वेदना कमी झाली, स्वस्थ पडलेले असतानाची मात्र झाली नाही. त्याआधीच्या कित्येक प्रयोगांत रुग्णाला शांत बसवून ‘आता किती दुखते?’ एवढेच विचारले जात होते. उपकरण जिथे काम करते ती जागा सोडून भलतीकडेच मोजमाप चालले होते.

दुसरी त्रुटी मात्रेची. १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरचे अभ्यास एकत्र तपासले. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या १७ प्रयोगांपैकी १५ मध्ये टेन्सचा फायदा दिसला नाही, आणि तसे गट न पाडलेल्या १९ पैकी १७ मध्ये दिसला. काळजी न घेता केलेला प्रयोग कसा गोड निष्कर्ष देतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे अवघड. पण २००३ मध्ये नॉर्वेच्या यान ब्योर्डाल आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: करंट पुरेसा जोराचा दिला होता का? जिथे तो जोरकस पण न दुखणारा होता, तिथे रुग्णांना वेदनाशामक औषध सुमारे ३५ टक्के कमी लागले. जिथे तशी खात्री नव्हती, तिथे अवघे ४ टक्के. अर्ध्या मात्रेत दिलेल्या गोळीचा निकाल आपण त्या गोळीवर लादत नाही. मग टेन्सच्या बाबतीत तसे का करावे?

या दोन्ही त्रुटी टाळून केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. फायब्रोमायल्जिया असलेल्या, म्हणजे अंगभर जुनाट वेदना असलेल्या, ३०१ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. मशीन मिळालेल्या दोन गटांनी चार आठवडे रोज किमान दोन तास, हालचाल करत असताना, सोसेल तेवढ्या जोराने टेन्स वापरायचे होते. त्यांतल्या एका गटाच्या मशीनमधून सुरुवातीला थोडाच वेळ करंट येई आणि मग तो आपोआप ओसरे, तर तिसऱ्या गटाला मशीनच नव्हते. हालचालीतली वेदना दहाच्या मापावर खऱ्या मशीनने दिखाऊ मशीनपेक्षा सरासरी एका अंशाने अधिक कमी केली. एक अंश फार नाही, हे मान्य. पण सरासरीमागे माणसे असतात. वेदना तीस टक्के किंवा त्याहून अधिक घटलेल्या स्त्रिया खऱ्या मशीनच्या गटात ४४ टक्के होत्या, दिखाऊ मशीनच्या गटात २२ टक्के आणि मशीन नसलेल्या गटात १४ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींना पुरेसा लाभ झाला नाही, आणि ज्यांना झाला त्यांच्या आयुष्यात तो जाणवण्याजोगा होता. ‘उपयोग होतो’ किंवा ‘होत नाही’ असा एका शब्दाचा निकाल मागणाऱ्याला हे आकडे उत्तर देणार नाहीत.

हा सगळा मनाचा खेळ आहे, असे म्हणणारेही आहेत. टेन्सच्या बाबतीत या शंकेला विशेष वजन आहे, कारण इथे खोटे औषध बनवणे कठीण. गोळी खडूची करता येते, पण झिणझिण्या आल्या की नाही हे रुग्णाला लगेच कळते. सुरुवातीला थोडा वेळ करंट देऊन तो ओसरू देण्याची युक्ती याचसाठी काढली गेली. वरच्या प्रयोगातले २२ आणि १४ यांतले अंतर हा अपेक्षेचा परिणाम, आणि ४४ आणि २२ यांतले अंतर बहुतांशी विजेचा. २०२२ साली इंग्लंडच्या मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ३८१ अभ्यास एकत्र करून असाच निष्कर्ष काढला: टेन्स चालू असताना आणि त्यानंतर लगेच वेदना दिखाऊ मशीनपेक्षा कमी असते, आणि गंभीर अपाय आढळत नाहीत. ‘चालू असताना आणि लगेच’ हे शब्द सोडून त्या निष्कर्षाचा हवाला देणारी जाहिरात दिसली तर ती विश्वासाची नाही.

दुसरीकडे, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणारी नाईस ही संस्था जुनाट वेदनेसाठी टेन्स देऊ नका असे सांगते. कंबरदुखीसाठी तिने हे २०१६ मध्ये सांगितले, कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी २०२१ मध्ये. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानेही पुरावा इतका कच्चा आहे की काही ठाम म्हणता येत नाही असे लिहिले. या संस्थांचा मला आदर आहे, आणि त्यांचे काम कठोरच असले पाहिजे. सर्वांच्या करातून चालणाऱ्या सेवेने टिकाऊ फायदा सिद्ध न झालेल्या गोष्टीवर पैसा घालू नये, हे रास्तच. पण घरातल्या एका व्यक्तीसमोरचा प्रश्न वेगळा असतो. तिला सकाळी अर्धा तास चालायचे असते, त्यासाठी ती मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते, आणि ती गोळी पोटाला, मूत्रपिंडाला, रक्तदाबाला महागात पडू शकते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वयस्कर माणसाने अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणे हा खराखुरा धोका आहे. टेन्सचा फायदा लहान आहे, पण अपायही लहानच आहे, आणि या तुलनेत मला ते आजमावून पाहण्याजोगे वाटते.

काहींना भीती वाटते की वेदना दाबली तर आतला आजार लपेल आणि हालचालीने इजा होईल. नव्या वेदनेबाबत ही भीती अगदी योग्य आहे. अचानक सुरू झालेले दुखणे, सोबत ताप, घटणारे वजन, पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मशीन नाही. पण तपासून झालेली, तीन महिन्यांहून जुनी वेदना हा बहुतेक वेळा ताज्या इजेचा इशारा राहिलेला नसतो. मज्जासंस्था स्वतःच हळवी झालेली असते आणि साध्या हालचालीलाही ओरडते. अशा वेदनेचे ऐकून गुडघा हलवायचे थांबवले तर मांडीचे स्नायू बारीक होतात, सांध्यावरचा भार वाढतो आणि दुखणे बळावते.

ज्यांनी टेन्स वापरू नये, त्यांची बाब मात्र तडजोडीची नाही. पेसमेकर किंवा छातीत बसवलेले तसे कुठलेही विद्युत उपकरण असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदरपणी पोटावर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, गाठ किंवा कर्करोग असलेल्या जागी, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी असताना त्या पायावर पॅड लावू नयेत. अपस्माराच्या रुग्णांनीही आधी विचारावे. गाडी चालवताना मशीन बंद. आपल्याकडे सर्वांत सहज दुर्लक्ष होते ते मधुमेहाकडे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे करंट किती झाला हे त्यांना कळतच नाही आणि त्वचा भाजू शकते. पॅड लावण्याआधी त्या जागेवर थंड-गरम आणि बोथट-टोकदार यांतला फरक कळतो का, हे कुणाकडून तरी तपासून घ्यावे.

यांपैकी कोणतीच अडचण नसेल तर आजमावणी कशी करावी? मशीन लगेच विकत घेण्याऐवजी फिजिओथेरपिस्टकडचे दोन आठवड्यांसाठी मिळते का ते विचारावे, आणि पॅडच्या जागा त्यांच्याकडूनच ठरवून घ्याव्यात. त्वचा साबणाने धुऊन कोरडी करावी, तेल किंवा मलम लावलेले नसावे. जेल वाळलेला पॅड टोचतो, तो बदलावा. करंट झिणझिण्या दाट होईपर्यंत वाढवावा आणि त्या फिक्या पडल्या की पुन्हा वाढवावा. मग पेटी कमरेला अडकवून उठावे. ज्याने दुखते तेच काम त्या वेळात करावे: फिजिओने शिकवलेले मांडीचे व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठणे, सोसायटीभोवती फेऱ्या, जिन्याच्या पायऱ्या. वहीत रोज वेदनेचा आकडा लिहिण्यापेक्षा किती पायऱ्या चढलो, किती मिनिटे उभे राहून पोळ्या लाटल्या हे लिहावे. दोन आठवड्यांनी ते आकडे वाढलेले नसतील, आणि करंट पुरेसा होता याची खात्री असेल, तर मशीन परत करावे आणि ते पैसे फिजिओच्या पुढच्या चार भेटींसाठी ठेवावेत. वाढलेले असतील तर घ्यावे, आणि व्यायाम मशीनशिवाय जमू लागला की पॅड लावण्याची वेळ आठवड्यागणिक कमी करत आणावी.